फिटनेसची पाटी

पाटी रंगवणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता, असं प्रज्ञा आजही म्हणते. पाटी चार फूट लांब होती आणि त्याला सांगितलेला मजकूर सात फुटांचा होता. 'फिटनेस डायरेक्टर' हे दोन शब्द त्याने मन लावून, लाल रंगात, काळ्या सावलीसकट काढले. त्याखाली 'प्रज्ञा सुखदेव गजभिये' हे नाव आलं. मग उरलेल्या चार बोटं जागेत 'येथे प्रत्येकाला वैयक्तिक व्यायाम मार्गदर्शन मिळेल' हे वाक्य त्याने इतक्या बारीक अक्षरांत बसवलं, की ते वाचायला माणसाला भिंतीवर चढावं लागलं असतं. आणि जो भिंतीवर चढू शकतो, त्याला व्यायामाच्या मार्गदर्शनाची फारशी गरज नसते.

'डायरेक्टर' या शब्दाचा हट्ट तिच्या बाबांचा. सुखदेवराव गजभिये चौतीस वर्षं पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूची नोंद करत होते. इतक्या माणसांना येता-जाताना पाहिल्यावर त्यांचं एक मत पक्कं झालं होतं. "नाव काय, कोणालेही असते," ते म्हणत, "माणसाले हुद्दा पाह्यजे."

खरं सांगायचं तर प्रज्ञाचाही त्या शब्दावर जीव होता. नागपूरच्या एका जिममध्ये ती टॉवेल वाटायला लागली होती. मग झुम्बा शिकवणारी, मग ट्रेनर, असं करत नोकरीच्या सोळाव्या वर्षी ती तीन शाखांची फिटनेस डायरेक्टर झाली, काचेच्या केबिनसकट. उन्हाळ्यात मालकाने तिन्ही शाखा फर्निचरवाल्याला विकल्या. तिच्या केबिनमध्ये आता आराम करायची एक लांबलचक खुर्ची ठेवलेली आहे. हा अपमान तिला नोकरी जाण्यापेक्षा जास्त लागला.

म्हणून एकोणचाळिसाव्या वर्षी ती पांढुर्ण्याला आईबाबांकडे आली आणि समोरच्या खोलीत तिने आपलं काम मांडलं. शेजारच्या शोभाकाकू दुसऱ्याच दिवशी पाहणी करून गेल्या. खोलीत एक स्टूल, दोन सतरंज्या, एक दोर आणि भिंतीला टेकवलेली काठी. मशीन एकही नाही.

"हे जिम आहे?" काकूंनी विचारलं.

"हाव, काकू."

"त्यापरीस पार्लर टाक न. बाया व्यायामासाठी घरून निघत नाही, पण भुवयांसाठी निघते."

शोभाकाकूंचा सल्ला वाईट नसे. फक्त तो ज्याच्यासाठी असे त्याला सोडून सगळ्यांना उपयोगी पडे. प्रज्ञाने ऐकून घेतला. तिची पद्धत काकूंना समजावणं अवघड होतं, कारण ती नागपूरच्या लोकांनाही आधी समजत नसे. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी ती त्याला व्यायाम देतच नसे. स्टुलावर बसा म्हणायची, उठा म्हणायची, खाली पडलेली चप्पल उचला म्हणायची, फाटकापर्यंत जाऊन या म्हणायची, आणि नुसतं पाहायची. मग एकच प्रश्न विचारायची: शरीर ऐकत नाही म्हणून तुमचं कोणतं काम अडून राहिलं? कोणी म्हणे जिना, कोणी म्हणे नातवाला उचलणं. त्या अडलेल्या कामापासून मागे मागे येत ती त्याचा व्यायाम ठरवायची. धावत्या पट्ट्यासाठी आलेल्या माणसाला चप्पल उचलायला लावली की तो आधी चिडायचा. पण चिडलेले तेच लोक पुढे सहा-सहा वर्षं टिकायचे.

पांढुर्ण्यात चिडायलाही कोणी आलं नाही. चार दिवस प्रज्ञा स्टुलावर स्वतःच बसली आणि उठली. पाचव्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर हॉर्न वाजला आणि एक पन्नाशीचा माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याचं नाव दादाराव.

"डायरेक्टर मॅडम आहे काय?"

"मीच. या न, बसा."

"बसत नाही. फिटनेस करून पाह्यजे होतं."

प्रज्ञाच्या छातीत काहीतरी उजळलं. तिने नवी कोरी वही उघडली. "वय किती?"

"आठ पूर्ण झाले."

त्याला नीट ऐकू येत नसावं, असं तिला वाटलं. तिने पुढचा प्रश्न जरा मोठ्याने विचारला. "त्रास काय होते?"

"तसा काही नाही. चढावर दम लागते. मागून उजव्या अंगानं जराशी दबली आहे. अन् थंडीत सकाळी लवकर सुरूच होत नाही."

'दबली आहे' म्हटल्यावर प्रज्ञाच्या लक्षात आलं. हा माणूस बायकोसाठी आला होता. आठ वर्षं म्हणजे दुखण्याची आठ वर्षं. बिचारी.

"तेलकट खाणं आहे काय?"

"तेल लय खाते," दादाराव दुःखाने म्हणाला.

"त्यांना आत घेऊन या. मी हळूच पाहीन."

"आत नाही येणार, मॅडम. फाटक लहान आहे."

प्रज्ञाचे डोळे भरून आले. नागपुरात इतकी वर्षं काढली, पण फाटकातून न मावणारी बाई तिने पाहिली नव्हती. तिने स्टूल उचललं, "राहू द्या, आपण बाहेरच पाहू," असं अत्यंत मायेनं म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर संत्र्याच्या रिकाम्या क्रेट लादलेली एक पिकअप उभी होती. उजव्या अंगाने मागून दबलेली.

दोघांनीही एकदा गाडीकडे, एकदा पाटीकडे पाहिलं. गाड्यांचं फिटनेस म्हणजे रस्त्यावर चालवायच्या लायकीचा सरकारी दाखला, तो संपला की दंडाचं चालान, आणि 'फिटनेस' एवढं मोठ्ठं लिहिलेली पाटी पाहून दादाराव इथे वळला, हे सगळं दोन मिनिटांत उलगडलं. तो ओशाळून गाडीत चढायला निघाला. एका हाताने दार धरलं, दुसरा कमरेवर ठेवला आणि जुन्या शिडीसारखा कुरकुरत वर गेला.

"उतरा," प्रज्ञा म्हणाली.

"कायले?"

"गाडीचं मले काही समजत नाही. पण हात कमरेवर काऊन ठेवला?"

"सवय आहे."

"कधीपासूनची?"

"तीन वर्षं झाले असन."

तिने त्याला फाटकातच स्टुलावर बसवलं, उठवलं, चप्पल उचलायला लावली. चप्पल उचलताना तो पाठीची कमान करून खाली गेला आणि अर्ध्यात थांबला. मग तिने तो प्रश्न विचारला. दादारावाने गाडीतल्या क्रेटकडे पाहिलं.

"भरलेला क्रेट उचलता येत नाही," तो म्हणाला. "ड्रायव्हरनं भरायले हात नाही लावला, तर बगीचेवाले दुसरी गाडी बोलावते. मी बहाणे सांगतो. फोन आला म्हणतो. किती दिवस फोन येईन?"

त्या दिवशी तिने त्याला जास्त काही दिलं नाही. सकाळी उठल्यावर पडल्या पडल्या गुडघे छातीशी घ्यायचे. वाकायचं ते पाठीतून नाही, कुल्ल्यातून. आणि गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर, मग माणूस. दादाराव दाखल्याशिवाय गेला, पण आठवड्याने परत आला. या वेळी कमरेवर हात नव्हता.

इथून भानगड वाढली. दादाराव चांगला माणूस. त्याने आपल्या ओळखीच्या सगळ्या ड्रायव्हरांना सांगितलं, की गजभियेबाईकडे गाडीचं नाही, माणसाचं फिटनेस होते. पण तिगावच्या टपरीवर पोचेपर्यंत त्या वाक्यातलं 'नाही' कुठेतरी सांडलं. ऑटो आले. छोटा हत्ती म्हणतात ते टेम्पो आले. बँडवाल्यांची जनरेटरची गाडी आली. एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट गल्लीत शिरला आणि वळता येईना म्हणून मागे घेताना शोभाकाकूंची वाळत घातलेली कापडं दोरीसकट घेऊन गेला. काकूंची एक साडी बडचिचोलीपर्यंत जाऊन आली. प्रज्ञाची आई कमलबाई आल्यागेल्याला पाणी देऊन दमली. सैन्यभरतीसाठी मुलाचा दाखला मागायलाही एकजण आला आणि देत नाही म्हटल्यावर 'मग पाटी कायले लावली' म्हणून भांडून गेला.

दुसरी कोणी असती तर तिने पाटी उतरवली असती. प्रज्ञा मात्र प्रत्येकाला फाटकात थांबवून आधी त्याच्या चालण्याकडे पाहायची. दहांतले सहा रागावून जात, चार राहत. कोणाची मान एकीकडेच वळत होती, कोणाचा गुडघा क्लच दाबून दाबून सुजला होता. महिन्याभरात तिच्याकडे चौदा ड्रायव्हर झाले. वजन कमी करायला एकही माणूस आला नाही.

आणि मग नोटीस आली.

कोपऱ्यावर अरविंद नावाचा एक गृहस्थ लोकांना गाडीचे कागद करून द्यायचा. त्याच्या दारातून जाणाऱ्या गाड्या पुढे वळून गजभियांच्या गल्लीत का शिरतात, हे पाहून त्याने तक्रार केली होती. पांढुर्णा मध्य प्रदेशात, त्यामुळे नोटीस हिंदीत होती. आपण कोणत्या अधिकारात वाहनांची तपासणी करता, याचा सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा जागा सील करण्यात येईल, असा मतलब.

प्रज्ञा घाबरून नोटीस बाबांकडे घेऊन गेली. सुखदेवरावांचा चेहरा मात्र खुलला. निवृत्तीनंतर घरी आलेलं हे पहिलं जावक क्रमांकाचं पत्र होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली आणि उत्तराचा चार पानी मसुदा बसल्या बैठकीला लिहून काढला. 'सविनय निवेदन है' पासून सुरुवात करून तिसऱ्या पानावर ते प्रज्ञाच्या झुम्बापर्यंत आले होते.

तो मसुदा घेऊन बापलेक ज्या कचेरीत गेले तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही; तशा कचेऱ्या सगळीकडे असतात. तिथले बाबू फार सौजन्याने बोलले.

"तुम्ही गाड्या तपासत नाही, असं म्हणून राहिले तुम्ही. त्याचं प्रमाणपत्र आणा."

"ते कोण देते?" प्रज्ञाने विचारलं.

"जे गाड्या तपासते ते."

"त्यायले विचारलं. ते म्हणते, जे होतच नाही त्याचं प्रमाणपत्र कसं द्यावं?"

"बरोबरच आहे त्यायचं," बाबू म्हणाले. "मग जुनी फाईल पाहावी लागन. ती छिंदवाड्याला आहे. आपला जिल्हा नवीन आहे न, मॅडम. कपाटं आले, चाब्या यायच्या आहे."

तीन फेऱ्यांनंतर असं ठरलं, की गुरुवारी अकरा वाजता तपासणी अधिकारी स्वतः जागेवर येऊन पंचनामा करतील.

त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी नागपूरहून फोन आला. एक नवी जिम उघडत होती, मोठी, चार मजली. त्यांना फिटनेस डायरेक्टर हवी होती. केबिन होती. सोमवारपर्यंत कळवा म्हणाले. प्रज्ञा फोन हातात धरून स्वयंपाकघरात गेली. कमलबाई वांगी चिरत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जायचं असन तर जाय," त्या म्हणाल्या. "पण नोटीस आली म्हणून नको जाऊ."

गुरुवारी गल्लीत एकही गाडी दिसता कामा नये, असा हुकूम सुखदेवरावांनी आदल्या दिवशीच काढला होता. ड्रायव्हरांना तो कळलाही. पण मॅडमवर संकट आलं आहे आणि आपण साक्षीला जायला हवं, असं चौदांपैकी सात जणांना मनापासून वाटलं, आणि ड्रायव्हर साक्षीला येणार ते कशात बसून? नऊ वाजता गल्लीत सात गाड्या ओळीने लागल्या. परत पाठवायला गेलं तर ते ऐकेनात, आणि हलवायला गेलं तर मधली निघेना.

रिकामा बसलेला माणूस प्रज्ञाला पाहवत नाही. दोन तास हे लोक नुसते वाकडे बसून राहणार, त्यापेक्षा आजचा व्यायाम तरी होईल, म्हणून तिने सतरंज्या आणि पोती बाहेर काढली. ऊन चढलं तशी मंडळी सावलीला सरकली. गल्लीत सावली एकच होती, गाड्यांची.

त्यामुळे अकराच्या ठोक्याला गायत्री मॅडम नावाच्या तपासणी अधिकारी फाइल घेऊन गल्लीत शिरल्या, तेव्हा त्यांना जे दिसलं ते असं: सात गाड्या, त्यांतल्या चार गाड्यांखालून बाहेर आलेले चार जोड्या पाय, आणि समोर हातात काठी घेऊन उभी असलेली फिटनेस डायरेक्टर. अरविंद त्यांच्या मागोमाग आला होता. त्याने हाताची घडी घातली आणि पुढे एक शब्दही बोलायची त्याला गरज वाटली नाही.

"गाडीखाली कोण आहे?" गायत्री मॅडमनी विचारलं.

"ड्रायव्हर आहेत," प्रज्ञा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज लांबून ऐकू आला.

"काय करून राहिले?"

"कंबर मोकळी करून राहिले."

मॅडम खाली वाकल्या. पहिल्या गाडीखाली एक मिशीवाला गृहस्थ डोळे मिटून, गुडघे पोटाशी धरून, अत्यंत भक्तिभावाने एकोणीस, वीस मोजत होता. दुसऱ्या गाडीखाली एकाला झोप लागली होती. पाना नाही, ग्रीस नाही, कोणाच्या हाताला काळं लागलेलं नाही. मॅडमनी एकेकाला बाहेर बोलावलं आणि तोच प्रश्न विचारला: या बाईंनी तुमच्या गाडीचं काय केलं?

"गाडीकडे तं पाह्यलंच नाही," मिशीवाला जरा नाराजीने म्हणाला. "नवीन टायर टाकले होते मी."

दादारावाला प्रश्न विचारला तेव्हा त्याने उत्तर दिलं नाही. तो आपल्या पिकअपच्या मागे गेला. आज त्याच्या गाडीत भरलेले क्रेट होते, सौंसरहून थेट आला होता. कडेचा एक क्रेट त्याने ओढला, समोर उभा राहिला, कुल्ल्यातून वाकला आणि वीस-बावीस किलोचं ते ओझं छातीशी धरून सरळ झाला. कुठे थांबला नाही. मग तो क्रेट घेऊन गायत्री मॅडमपर्यंत चालत आला आणि त्यांच्या पायाशी हळूच ठेवला.

"हे केलं," तो म्हणाला. "तीन वर्षं फोन आल्याचा बहाणा करत होतो, मॅडम. आता खरंच फोन येऊन राहिले. भाड्याचे."

प्रज्ञाने काठी खाली ठेवली आणि स्टूल मॅडमपुढे सरकवलं.

गायत्री मॅडम स्टुलावर बसून अर्धा तास पंचनामा लिहीत होत्या. मराठीत सांगायचं तर त्यात असं होतं, की स्थळी एकही वाहन तपासलं जात नव्हतं. माणसं तपासली जात होती. आणि माणसांच्या तपासणीबाबत या कार्यालयाकडे कोणताही नियम नाही. शेवटी एक ओळ होती, की लोकांचा गैरसमज टाळण्यासाठी पाटीवरचा 'फिटनेस' शब्द काढावा. सुखदेवरावांनी पंचनाम्याची झेरॉक्स मागून घेतली. अरविंदने जाताना कुणाचं लक्ष नाही असं पाहून हळूच स्टुलावर बसून, उठून पाहिलं. उठताना तो कण्हला.

संध्याकाळी पाटीवाला आला आणि त्याने 'फिटनेस'वर पांढरा हात मारला. उरलं 'डायरेक्टर प्रज्ञा सुखदेव गजभिये'. शुक्रवारी सकाळी एक आई आपल्या मुलीला आणि तिचे सहा फोटो घेऊन आली. मुलगी नाचते छान, म्हणाली, सिनेमात छोटंसं काम असलं तरी चालेल. प्रज्ञाने तिला पाणी दिलं, मुलीच्या टाचा नाचून दुखतात का ते विचारलं, दुखत होत्या, त्याचा उपाय सांगितला. त्या दोघी गेल्यावर ती पाटीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने पाटीवाल्याला परत बोलावलं आणि 'डायरेक्टर'वरही पांढरा हात मारायला सांगितला. ज्या जागेत ते दोन शब्द होते, तिथे तळाचं बारीक वाक्य मोठ्या अक्षरांत आलं.

सुखदेवराव ओसरीत उभे होते. त्यांना हे किती लागलं ते प्रज्ञाला दिसत होतं. त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली.

"'मिळेल' नंतर पूर्णविराम दे म्हणावं," शेवटी ते म्हणाले. "अर्धवट वाटून राहिलं."

सोमवारी दादाराव तिला आपल्या पिकअपमधून सौंसरकडे घेऊन गेला. जामसांवलीच्या फाट्यापुढे भगवंतराव नावाच्या बागाईतदाराचं संत्र्याचं यार्ड होतं. दादाराव तिथे क्रेट भरू लागल्यापासून भगवंतराव त्याच्या मागे लागले होते, की ती बाई आमच्याकडेही आण. यार्डात तीस-चाळीस बाया संत्र्यांच्या ढिगांभोवती बसून लहानमोठी फळं निवडत होत्या. दिवसभर उकिडवं बसायचं. कमरा, गुडघे जाणारच. प्रज्ञाने त्यांच्यासाठी पूर्ण एक भाषण तयार करून आणलं होतं.

ती उभी राहून बोलू लागली. दोन मिनिटांनी अंबाबाई नावाची एक म्हातारी, सत्तरीची असावी, हात न थांबवता म्हणाली, "बसून सांग, बाई. वरतं पाहून मान दुखते."

हे प्रज्ञाला पटलं. ती अंबाबाईशेजारी उकिडवी बसली आणि भाषण पुढे चालू केलं. बोलता बोलता तीही संत्री निवडू लागली. पाच मिनिटांनी पोटऱ्या तापल्या. दहा मिनिटांनी पाय आहेत की नाहीत, ते कळेनासं झालं. तिच्या डाव्याउजव्या बाया सकाळी सातपासून अशाच बसल्या होत्या आणि गप्पा मारत होत्या. तेवढ्यात मागच्या क्रेटवर ठेवलेल्या तिच्या पिशवीत फोन वाजला.

"तुहा फोन वाजून राहिला," अंबाबाई म्हणाली.

"वाजू द्या."

"काऊन? घे न."

प्रज्ञाने एकदा इकडे तिकडे पाहिलं आणि खरं ते सांगितलं. "मावशी, मले उठता नाही येऊन राहिलं."

बाया हसू लागल्या. एकीचं पाहून दुसरी, असं करत सगळं यार्ड हसलं. क्रेट मोजणारे भगवंतरावही तोंड फिरवून हसले. नागपूरच्या तीन शाखांची डायरेक्टर संत्र्यांच्या ढिगात अडकून बसली होती, आणि थोड्या वेळाने तिलाही हसू आवरेना. अंबाबाईने हातातलं संत्रं ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"वजन टाचेवर घे," ती म्हणाली. "चवड्यावर नको. गुडघे फाकव. हां. आता खाली नको पाहू, सामने पाह्य. अन् श्वास सोडत उठ."

प्रज्ञा उठली. डुगडुगली, पण हात न टेकता उठली. हे सगळं तिने वर्षानुवर्षं लोकांना पुस्तकातल्या नावांनी शिकवलं होतं, आणि अंबाबाईने तिला ते इतक्या सहज सांगितलं होतं, जसं कुणी भाजीत मीठ किती घालायचं ते सांगतं. फोन एकदा थांबून पुन्हा वाजू लागला होता. तिने तो घेतला. नागपूरच्या माणसाला तिने नम्रपणे सांगितलं, की जमणार नाही, इकडे काम सुरू झालं आहे. त्याने पद काय आहे असं विचारलं. ती म्हणाली, पद अजून काही नाही.

मग तिने फोन पिशवीत टाकला. बायांनी क्रेट सरकवून तिला जागा केली. प्रज्ञा परत अंबाबाईशेजारी उकिडवी बसली, या वेळी वजन टाचेवर घेऊन.

"मावशी," ती म्हणाली, "पुन्हा एकदा दाखवा न. जरा हळू."